जपानी मंदिरे आणि शिंतो देवस्थाने यांच्या बांधणीत एवढा फरक का?

प्रश्न: इसे येथील शिंतो (जपानचा मूळ धर्म) देवस्थानाचे खांब थेट जमिनीत रोवलेले असून छप्पर गवती आहे, होर्यू-जी हे बौद्ध मंदिर मात्र दगडी जोत्यावर, कौलांखाली उभे आहे. एकाच देशात या दोन पद्धती कशा रुजल्या?

उत्तर १: इसेची रचना जुन्या धान्यकोठारांशी नाते सांगते. सहाव्या शतकात कोरियातील बेकजे राज्यातून बौद्ध धर्म आला, आणि त्याच्याबरोबर दगडी जोते, जड कौले व त्यांचा भार पेलणारी, खांबांच्या माथ्यावर रचलेली लाकडी ठोकळ्यांची जुळणी आली. जमिनीत रोवलेला खांब ओलाव्याने कुजतो; दगडावर टेकवलेला दीर्घकाळ टिकतो. इसे येथे दर २० वर्षांनी नवी वास्तू उभारतात (यापूर्वी २०१३ मध्ये), तर होर्यू-जीच्या काही इमारती जगातील सर्वांत जुन्या लाकडी इमारतींमध्ये गणल्या जातात.

उत्तर २: माझ्या मते खरी जपानी प्रतिभा छपरात दिसते. पावसाचे पाणी वाहून जाण्यासाठी तीव्र उतार हवा, पण आतून छत ठेंगणे व शांत हवे, या पेचावर तेथील सुतारांनी दोन छपरांचा उपाय काढला: वर पाणी झेलणारे, खाली दिसणारे, आणि मधली पोकळी अदृश्य. होर्यू-जीच्या ९९० मध्ये पुन्हा बांधलेल्या व्याख्यानगृहात ही योजना आढळते.

प्रश्नकर्ता: मग शिंतो वास्तूंवर बौद्ध प्रभाव पडलाच नाही का?

उत्तर १: पुष्कळ पडला. नारा येथील कासुगा देवस्थानाची वळणदार छपरे आणि लाल रंग पाहावेत.