पोर्ट ‘उघडणे’ की ‘वळवणे’?

प्रश्न : घरच्या रास्पबेरी पाय या छोट्या संगणकावर फोर्जेजो हे सॉफ्टवेअर टाकून गिट सर्व्हर (कोडच्या आवृत्त्या साठवणारा) चालवतेय. बाहेरगावाहून पुश-पुल (कोड चढवणं-उतरवणं) करता यावं म्हणून राउटरमध्ये जी सेटिंग करतात तिला मराठीत काय म्हणावं? आमच्या गटासाठी माहिती लिहायची आहे. बोलताना सगळे ‘पोर्ट ओपन कर’ म्हणतात, राउटर ‘पोर्ट फॉरवर्डिंग’ म्हणतो. ‘अग्रेषण’ कृपया सुचवू नका.

प्रतिसाद : वळवणे. कॉल वळवतो तसंच. राउटरच्या बाहेरच्या पत्त्यावर २२२२ क्रमांकाच्या पोर्टला आलेली जोडणी आत पायच्या १९२.१६८.१.२० या पत्त्यावर २२ क्रमांकाच्या पोर्टला धाडायची, एवढाच अर्थ. उघडणे वेगळं, फायरवॉलने (नको त्या जोडण्या अडवणाऱ्या पहारेकऱ्याने) आत येऊ दिलं की पोर्ट उघडा. बरेचसे घरगुती राउटर दोन्ही एकाच बटणात उरकतात, म्हणून शब्दांची सरमिसळ झाली. आयपीव्ही६ वर (पत्त्यांची नवी पद्धत; जुनी ती आयपीव्ही४) मात्र घरातल्या यंत्राला स्वतःचा जागतिक पत्ता असतो. तिथे वळवायला काही नाहीच, नुसतं उघडायचं.

प्रश्नकर्ती : पटलं. मग ‘स्टॅटिक (कायम न बदलणारा) आयपी लागेल’ असंच लिहू ना?

प्रतिसाद : नको, हा घोळ नेहमीचा. लागतो तो पब्लिक आयपी, म्हणजे इंटरनेटवरून थेट गाठता येणारा पत्ता. तो बदलता असला तरी डायनॅमिक डीएनएस (ठरलेल्या नावाला ताजा पत्ता जोडत राहणारी सेवा) सांभाळून घेतं. राउटरला बाहेरून मिळालेला पत्ता १००.६४ ते १००.१२७ यांत सुरू होत असेल, तर तुम्ही सीजीनॅटमागे आहात, म्हणजे इंटरनेट कंपनी अनेक ग्राहकांना एकच पब्लिक पत्ता वाटून देते. आरएफसी ६५९८ या इंटरनेटच्या तांत्रिक दस्तऐवजाने २०१२ मध्ये तो पट्टा यासाठीच राखला. मग आयपीव्ही४ वर कितीही वळवा, जोडणी तुमच्या राउटरपर्यंत येतच नाही.

दुसरा प्रतिसाद : अशा वेळी ‘टनेल’. घरचं यंत्र स्वतःहून भाड्याच्या सर्व्हरला एसएसएचने (सुरक्षित जोडणीने) जोडून घेतं आणि बाहेरचे लोक त्याच जोडणीतून आत येतात. ‘उलटा बोगदा’ वाचलाय कुठेतरी. अर्थ बरोबर, पण कोणी बोलेल असं वाटत नाही. टनेलच ठेवा.

आणि ‘सर्व्हर पब्लिक केला’ हे वाक्य टाळा. ऐकणाऱ्याला रेपॉझिटरी (कोडचा साठा) पब्लिक केली असं वाटतं. ‘बाहेरून पोहोचता येतं’ म्हणा. लॉगिन किल्लीनेच (एसएसएच की ही फाइल), पासवर्ड बंद, हेही लिहा. गिट डीमन या गिटच्याच साध्या सर्व्हरचा ९४१८ हा पोर्ट तर वळवूच नका. तो कोण आलंय ते विचारत नाही.

प्रश्नकर्ती : वळवणे, उघडणे, टनेल. तिन्ही घेतले. ‘पोर्ट’ला ‘बंदर’ सुचवणाऱ्या मित्राला मी परस्पर कळवते.