डेडलिफ्टला कंबर परत परत धरते, वजनं सोडायची नाहीयेत, काय करू?

घोडबंदरकर

मंडळी, मदत हवीये. वय ३४, राहायला मानपाड्याला, ऑफिस ऐरोलीला, जातो बाईकने. वजनं उचलायला लागून बरीच वर्षं झाली आणि दिवसातली तीच एक गोष्ट आहे जी मी फक्त माझ्यासाठी करतो. पण हल्ली दर काही महिन्यांनी डेडलिफ्टला, म्हणजे जमिनीवरून वजनाचा रॉड उचलताना, कंबर धरते. खाली डाव्या बाजूला चमक येते, मग चार-पाच दिवस मोजे घालायला पण वाकता येत नाही, आठवडा-दोन आठवड्यांत सगळं गायब, मी परत जिमला, सगळं मस्त चाललंय असं वाटतं तोच परत उसण. मागच्या वेळी ७० किलोवर झालं, जे माझं वॉर्मअपचं वजन आहे, त्यादिवशी वर १०० करायचे होते. म्हणून जास्त घाबरलो.

एमआरआय काढला, एल४-एल५ला, म्हणजे कंबरेच्या खालच्या दोन मणक्यांमध्ये, माइल्ड बल्ज (डिस्क, म्हणजे मधली चकती, थोडी बाहेर फुगलेली) आणि डिस्क झिजलीये असं लिहून आलंय. डॉक्टर म्हणाले वजनं कायमची बंद, पोहायला जा. ट्रेनर म्हणतो बेल्ट लाव, काही होत नाही. आईने बिल्डिंगमधल्या एका पायाळू काकांना बोलावून कंबरेला पाय लावून घेतला, तिच्या समाधानासाठी तेही झालं. यातून बाहेर आलेलं कोणी आहे का? नक्की काय बदललंत?

पारसिकचा लिफ्टर

भावा, १०० ऐवजी ७० वर कंबर गेली हे वाचून पहिला प्रश्न हाच आला की ७० ला प्लेटा कुठल्या लावल्या होत्यास? स्पर्धेतल्या मोठ्या प्लेटचा व्यास ४५ सेंटिमीटर असतो, म्हणजे रॉड जमिनीपासून साडेबावीस सेंटिमीटरवर. आपल्याकडच्या जिममधल्या १० किलोच्या लोखंडी प्लेटा बऱ्याचदा त्याच्या जवळपासही नसतात, त्या लावल्या की रॉड सरळ घोट्याच्या वर येऊन बसतो आणि तेवढं खाली जायला नितंब आणि मांड्यांची लवचिकता संपते, मग उरलेलं वाकणं कंबर करते. वजन कमी पण पाठ जास्त गोल. ठाण्यात कितीतरी पोरांना असं उचलताना बघतो आणि जीव कळवळतो, कारण उपाय फुकटचा आहे, रॉडच्या दोन्ही टोकांखाली प्लेटा आडव्या रचायच्या किंवा रॅकच्या पिनांवरून उचलायचं, नडगीच्या मध्यावर रॉड आला पाहिजे.

दुसरं, झाडूचा दांडा घे. पाठीवर उभा धर, डोकं, दोन खांद्यांच्या मधला भाग आणि माकडहाड तिन्हीला टेकलेला. आता नितंब मागे ढकलत वाक. ज्या क्षणी एक टोक सुटतं तिथपर्यंतच तुझी आजची रेंज, रॉड त्याच्या खाली ठेवायचाच नाही. हे मोबाइलवर बाजूने शूट कर, स्वतःला जाणवतं ते आणि दिसतं ते यात फार फरक असतो.

बेल्टबद्दल ट्रेनर अर्धं बरोबर बोलतोय. बेल्ट कंबर धरून ठेवत नाही, पोटात श्वास भरून तू स्नायू आवळतोस तेव्हा पोटाला बाहेर ढकलायला आधार देतो. बेल्टशिवाय तो श्वास भरता येत नसेल, पुढे, बाजूला आणि मागे सगळीकडून, तर बेल्ट लावून काही हाती लागणार नाही.

आणि दुखणं थांबल्यावर लगेच जुन्या वजनावर जायचं नाही. दुखायचं थांबायला दोन आठवडे लागतात, पण तेवढ्यात कंबर पूर्वीइतकं वजन पेलायला तयार झालेली असेलच असं नाही. मी पोरांना जुन्या वजनाच्या निम्म्यावर सुरू करायला लावतो, दर आठवड्याला जेमतेम ५ किलो, आणि प्रत्येक सेटला अजून तीन-चार वेळा उचलता आलं असतं तिथेच थांबायचं. कंटाळवाणं आहे, पण टिकतं.

नेरूळची फिजिओ

आधी एमआरआयबद्दल, कारण रिपोर्ट वाचून माणूस हादरतो. २०१५ मध्ये अमेरिकेत अनेक अभ्यास एकत्र करून तपासले होते, त्यातली माणसं कंबर अजिबात न दुखणारी होती. तिशीतल्या साधारण ४० टक्के लोकांच्या स्कॅनमध्ये बल्ज होता आणि निम्म्याहून जास्त लोकांमध्ये झिजलेली डिस्क. म्हणजे तुमच्या वयात हे दोन्ही शब्द दुखणं नसलेल्यांच्या रिपोर्टमध्येही येतात. डॉक्टरांनी तुम्हाला तपासलंय, मी नाही, त्यामुळे त्यांचं म्हणणं उडवून लावू नका, पण परत जाऊन स्पष्ट विचारा की वजन बंद करायचं कारण तपासणीत काही सापडलं म्हणून की फक्त रिपोर्टमुळे.

आता मला तुमच्याकडून हे हवंय: जिमला कुठल्या वेळी जाता, उठल्यावर किती वेळाने, आणि पाठ मोकळी करायला म्हणून काय करता? पेशंट डेडलिफ्टचीच गोष्ट सांगत बसतात आणि दिवसाच्या बाकी तासांत काय चाललंय ते सांगतच नाहीत.

तोपर्यंत, धरलेल्या कंबरेला दोन दिवसांपेक्षा जास्त झोपवून ठेवू नका. १९८६ सालीच अमेरिकेत तुलना करून पाहिलंय, दोन दिवस आराम सांगितलेले लोक सात दिवसवाल्यांपेक्षा लवकर कामावर परतले. घरातल्या घरात, मग सोसायटीत चाला, थोडं थोडं पण दिवसातून बऱ्याचदा. पेनकिलर घेऊन जिमला जाणं मात्र नको, दुखणं दबलेलं असतं तेव्हा चुकीची हालचाल कळतच नाही.

आणि हे सगळ्यांनीच लक्षात ठेवा. लघवी अडकणं किंवा नकळत होणं, शौचावरचा ताबा जाणं, जांघेत आणि बसायच्या जागी बधिरपणा, पाऊल उचलताना लटकणं, यातलं काहीही झालं तर रात्र असो की रविवार, थेट हॉस्पिटलच्या इमर्जन्सीत जा. तिथे तासांनी फरक पडतो. ताप किंवा उगाच वजन उतरणं सोबत असेल तरी थांबू नका.

कळव्याची ताई

दादा, वेटलिफ्टर मीराबाई चानूची कंबर २०१८ मध्ये गेली, जकार्ताच्या एशियन गेम्सना ती जाऊ शकली नाही आणि २०२१ मध्ये टोकियो ऑलिंपिकमध्ये एकूण २०२ किलो उचलून रजत पदक. तिच्यामागे डॉक्टर-कोचची फौज होती हे मान्य, पण कंबर गेली की लिफ्टिंग संपलं असं नसतं एवढं तरी यातून दिसतं. मी स्वतः जमिनीवरून डेडलिफ्ट सोडून ट्रॅप बार (मध्ये उभं राहून उचलायचा षटकोनी रॉड) धरला, वजन अंगाच्या बाजूला राहतं, पुढे ओढत नाही. जिममध्ये नसेल तर एका पायाचे स्प्लिट स्क्वॅट आणि बाकावर छाती टेकवून रोइंग, पाय-पाठ दोन्हीला भरपूर काम मिळतं. आणि पोरांच्या घोळक्यात हलकं वजन घ्यायला लाज वाटते ना, ती सोडा हो, कोणी बघत नसतं.

घोडबंदरकर

सगळ्यांचे मनापासून आभार. प्लेटा १० किलोच्याच होत्या, २० च्या कोणीतरी स्क्वॅटला घेतलेल्या, म्हणून ७० ला छोट्या जोडल्या. रॉड खरंच घोट्याच्या वरच होता.

नेरूळच्या ताई, उठतो साडेपाचला, सहाला जिममध्ये. जायच्या आधी घरी १२ सूर्यनमस्कार, मग पाय सरळ करून अंगठे पकडायचे, कारण त्याने कंबर मोकळी वाटते. त्याचा पण संबंध आहे का?

नेरूळची फिजिओ

आहे, आणि माझ्या मते बराच. रात्रभर झोपेत डिस्क पाणी शोषून फुगते, म्हणून सकाळी आपण संध्याकाळपेक्षा सेंटिमीटर-दीड सेंटिमीटर उंच असतो. त्या अवस्थेत पुढे वाकलं की डिस्कवरचा ताण दुपारच्या मानाने खूप जास्त येतो. उठल्यावरचा पहिला तास सगळ्यात नाजूक. तुम्ही त्याच तासात पुन्हा पुन्हा खोल वाकताय, मग कंबर खेचताय, आणि लगेच रॉडखाली. ताणल्यावर मोकळं वाटतं, काही मिनिटं बरं पण वाटतं, म्हणून कोणाला संशय येत नाही. सूर्यनमस्कार चांगलेच आहेत, संध्याकाळी घाला किंवा उठल्यावर तासाभराने, अंगठे पकडणं सध्या बंद. डेडलिफ्ट पण संध्याकाळी हलवा. जमतच नसेल तर सकाळी आधी चालणं, वरच्या अंगाचा व्यायाम, आणि वाकायचं सगळं शेवटी.

सकाळच्या जागी हे तीन करा, कॅनडाच्या वॉटर्लू विद्यापीठातले निवृत्त प्राध्यापक, पाठीच्या कण्याचे अभ्यासक स्टुअर्ट मॅकगिल सांगतात ते. उताणं झोपून एक गुडघा वाकवून कमरेखाली हात, डोकं-खांदे जेमतेम उचलायचे. कुशीवर साइड प्लँक, म्हणजे कोपर टेकून अंग सरळ उचलून धरायचं. आणि हात-गुडघ्यांवर ओणवं होऊन एक हात पुढे नि विरुद्ध पाय मागे लांब करायचा, ज्याला बर्ड डॉग म्हणतात. प्रत्येक वेळी १० सेकंद धरायचं, जास्त नाही, पुनरावृत्ती वाढवायची. रोज.

बाईकचं पण विचारते, घोडबंदरच्या खड्ड्यांतून बॅकपॅक लावून जाता का?

घोडबंदरकर

हो, लॅपटॉप आणि जिमची बॅग दोन्ही पाठीवर.

नेरूळची फिजिओ

मग कंबर पूर्ण शांत होईपर्यंत ट्रान्स हार्बर लोकलने जा, बॅग पायाशी ठेवून. आणि एकदा जवळच्या फिजिओला प्रत्यक्ष दाखवा, झाडूच्या दांड्याचा व्हिडिओ सोबत न्या.

पारसिकचा लिफ्टर

व्हिडिओ इथे पण टाक, चेहरा झाकून. बाजूनेच शूट कर, कॅमेरा कंबरेच्या उंचीवर.