ग्राहक म्हणतो ‘एकत्र प्लॅनिंग करू’, पण चुकलेल्या अंदाजाचं रीळ कोणाचं?

खोकी_मकरपुरा
नमस्कार मंडळी. बडोद्याच्या मकरपुरा जीआयडीसीत (औद्योगिक वसाहतीत) आमचा कोरुगेटेड बॉक्सचा, म्हणजे पुठ्ठ्याच्या खोक्यांचा, कारखाना आहे. बाबांनी १९९१ साली सुरू केला, आता मी आणि धाकटा भाऊ बघतो. २२ माणसं, एक सेमी-ऑटोमॅटिक लाइन, दोन प्रिंटिंग मशीन.

आमचा जवळपास ४० टक्के माल एकाच औषध कंपनीला जातो. त्यांचा कारखाना हालोल रस्त्याला, पण प्लॅनिंग मुंबईच्या ऑफिसातून चालतं. दर महिन्याच्या २५ तारखेला पुढच्या तीन महिन्यांचा फोरकास्ट, म्हणजे मागणीचा अंदाज, येतो आणि खाली ओळ असते, ‘फक्त माहितीसाठी’. पक्की पीओ (खरेदीची ऑर्डर) मात्र माल हवा त्याच्या सात दिवस आधी. सात दिवसांत वापीहून कागद मागवून पाच प्लायची (थरांची) खोकी कशी देणार? म्हणून आम्ही फोरकास्ट बघूनच कागदाची रीळं भरतो.

गेल्या जूनला ६०,००० मास्टर कार्टनचा (बाहेरच्या मोठ्या खोक्यांचा) अंदाज होता, पीओ आली ३८,००० ची. ९५ सेंटिमीटर डेकलची (रुंदीची) जवळपास नऊ टन रीळं गोडाऊनमध्ये अडकली. तो डेकल दुसऱ्या कोणाच्याच खोक्याला बसत नाही, कापून वापरला तर कडेचा कागद रद्दीत जातो. वर पावसाळा. ओल धरलेल्या कागदाचं खोकं रचलं की खालचं बसतं, हे या धंद्यातल्या कोणालाही सांगायला नको. ऑगस्टमध्ये उलटं झालं, अंदाज ४५,००० चा आणि मागणी ८०,००० ची. भाऊ सहा रात्री घरी गेला नाही. तरी माल तीन दिवस उशिरा पोचला आणि बिलातून दंड कापला.

आता त्यांच्या नव्या मॅडम म्हणतात, एकत्र प्लॅनिंग करू. ते त्यांची विक्री दाखवणार, आम्ही आमचा कागदाचा साठा, मशीनची क्षमता आणि खर्च दाखवायचा, दर आठवड्याला बसायचं. बाई सरळ वाटल्या, त्यांच्या हेतूबद्दल शंका नाही. पण आमचं मशीन कोणत्या महिन्यात रिकामं असतं हे कळलं, तर पुढच्या वाटाघाटीत खरेदीखातं तोच आकडा समोर ठेवून भाव पाडेल. आमच्याकडे त्यांच्याच स्पर्धक कंपनीचीही खोकी होतात, तो एक वेगळाच पेच. बाबा म्हणतात, ‘आपलं पोट कोणाला उघडून दाखवू नये.’ भाऊ म्हणतो, न दाखवता हे असंच चालणार. कोणी असं काम प्रत्यक्ष केलंय का?

निवृत्त_प्लॅनर
मी बडोद्यातल्याच एका औषध कंपनीत २६ वर्षं प्लॅनिंगला होतो, टेबलाच्या पलीकडून सांगतो. तुम्हाला येणारा आकडा बहुतेक वेळा अंदाज नसतो, ते विक्रीखात्याचं टार्गेट असतं. महिन्याच्या शेवटच्या पाच दिवसांत सी अँड एफ एजंटकडे (कंपनीचा माल ठेवून पुढे पाठवणाऱ्याकडे) आणि स्टॉकिस्टकडे (घाऊक विक्रेत्याकडे) माल ढकलला जातो, ती झाली प्रायमरी विक्री. पुढच्या महिन्यात स्टॉकिस्ट तोच साठा विकत बसतो, नवी ऑर्डर देत नाही. रोग्यांनी गोळ्या कमी घेतलेल्या नसतात, पण तुमची जूनची पीओ बरीच खाली येते.

यावर १९९७ मध्ये ली, पद्मनाभन आणि व्हांग यांनी लिहिलेला लेख प्रसिद्ध आहे. प्रॉक्टर अँड गॅम्बलच्या डायपरचं उदाहरण त्यात आहे. बाळं डायपर एका गतीनेच वापरतात, दुकानातली विक्रीही फारशी हलत नाही. वितरकांच्या ऑर्डरी मात्र बऱ्याच वरखाली होतात आणि कंपनी कच्चा माल मागवते तिथे चढउतार आणखी मोठे. तुम्ही या साखळीत कंपनीच्याही मागे आहात. सगळ्यात मोठा झोका तुम्हालाच बसणार.

म्हणून मॅडमकडे एकच गोष्ट मागा : स्टॉकिस्टकडून केमिस्टकडे गेलेली विक्री, म्हणजे सेकंडरी, आणि स्टॉकिस्टकडचा शिल्लक साठा. या दोन आकड्यांशिवाय दर आठवड्याला बसून चहाच होईल. अमेरिकेत वॉलमार्ट आणि वॉर्नर-लँबर्टने नव्वदच्या दशकाच्या मध्यात लिस्टरिन या माउथवॉशवर हा प्रयोग केला, तेव्हाही दोघांनी आपापला अंदाज मांडून फरक कुठे पडतो ते बघायचं, हाच गाभा होता. सगळी उत्पादनं घेऊ नका. तुमच्याकडे सर्वांत जास्त खपणाऱ्या दोन प्रकारच्या खोक्यांपासून सुरू करा.

खोकी_मकरपुरा
काका, इतकी वर्षं मला वाटायचं की त्यांना अंदाज बांधता येत नाही. टार्गेटच आमच्याकडे येतं हे कोणी सांगितलंच नव्हतं. सेकंडरीचा आकडा नक्की मागतो.

वापीचा_कागदवाला
मी क्राफ्ट मिलच्या (खोक्यांचा कागद बनवणाऱ्या गिरणीच्या) विक्रीत आहे. दादा, तुमच्या प्रश्नात मिल कुठेच नाही, म्हणून लिहितोय. आमच्या मशीनवर रुंद रीळ निघतं आणि तुमच्या डेकलप्रमाणे कापलं जातं. चार ग्राहकांचे डेकल एकमेकांना जुळले तर कड कमी वाया जाते. २० बीएफचा (बीएफ म्हणजे कागदाच्या ताकदीचं माप) कागद कधी चालवायचा आणि १८ चा कधी, हेही आम्ही आधी ठरवतो. तुम्ही ऐनवेळी फोन करता तेव्हा जे तयार असेल ते घ्यावं लागतं, बरेचदा गरजेपेक्षा भारी बीएफचं. तुमच्या औषधवाल्यांचा पक्का होत जाणारा आकडा महिनाभर आधी माझ्याकडे आला तर नेमका डेकल राखून ठेवता येतो आणि रात्री भरलेली गाडी सकाळी मकरपुऱ्यात उभी राहते.

आणि तो ९५ चा डेकल. खोक्याच्या मापात चार-पाच मिलिमीटर इकडेतिकडे चालत असतील तर त्यांच्या पॅकेजिंगवाल्यांशी बोला. दुसऱ्या ग्राहकाच्या डेकलशी जुळवून घेता आलं तर उरलेलं रीळ कोणालाही लागेल. अंदाज चुकणारच, पण चुकलेला कागद पडून राहणार नाही.

हिशेबनीस_दांडियाबाजार
मी सीए आहे, लहान कारखान्यांचीच कामं करते. दादा, तुमच्या बाबांचं म्हणणं पूर्ण खोडून काढू नका. साठा आणि क्षमता दाखवा, खर्च आणि नफा दाखवू नका. क्षमता सांगतानाही ‘तुमच्यासाठी आठवड्याला इतकी खोकी राखून ठेवतो’ एवढंच सांगा. बाकी मशीन रिकामं आहे की भरलेलं, तो तुमचा प्रश्न. स्पर्धक ग्राहकाचा एकही आकडा या बैठकीत तोंडून निघता कामा नये, नाव सुद्धा नको. एका ग्राहकाची माहिती तुमच्यामार्फत दुसऱ्याकडे पोचली तर धंदा तर जाईलच, स्पर्धा कायद्याचं लचांडही मागे लागू शकतं.

आता शीर्षकातला प्रश्न, कारण माझ्या मते सगळं त्यावरच अडलंय. करारात तीन पट्टे लिहून घ्या. पहिले दोन आठवडे गोठवलेले : त्यात आकडा बदलायचा नाही, बदलला तर तयार माल ते उचलणार. तिसऱ्यापासून सहाव्या आठवड्यापर्यंत त्यांच्या अंदाजावर तुम्ही कागद आणणार, पण छपाई करणार नाही. खोकी ६० दिवसांत उचलली नाहीत तर त्या कागदाची किंमत ते देणार. त्यापुढचं सगळं खरोखर ‘फक्त माहितीसाठी’, त्यावर तुम्ही एक किलोही घ्यायचा नाही. हे लिहून मिळत नसेल तर ते एकत्र प्लॅनिंग नव्हे. त्यांचा साठा तुमच्या गोडाऊनमध्ये तुमच्या पैशाने ठेवणं आहे.

पेमेंटचंही त्यातच घाला. तुमची उद्यम नोंदणी (लहान उद्योगांची सरकारी नोंदणी) असेलच, धंदा लहान उद्योगात बसतो. लेखी करार असला तरी ४५ दिवसांच्या पुढे मुदत चालत नाही, करार नसेल तर १५ दिवस. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज लागतं, एमएसएमई कायदा २००६ चा आहे. आणि आयकराच्या नियमाप्रमाणे, १ एप्रिल २०२४ पासून, मुदतीत पैसे दिले नाहीत तर त्या कंपनीला तो खर्च त्या वर्षी वजा मिळत नाही, प्रत्यक्ष पैसे देतील त्या वर्षी मिळतो. हे त्यांच्या अकाउंट्सवाल्यांना पक्कं माहीत असतं. भीड बाळगू नका.

निवृत्त_प्लॅनर
ताईंचे पट्टे बरोबर आहेत. आमच्याकडे यालाच ‘फ्रोझन’ म्हणत. एक भर घालतो. तुमच्या बाजूचं कॅलेंडर मुंबईच्या माणसाला माहीत नसतं. नवरात्रात बडोद्यात रात्रपाळीला माणूस मिळत नाही, सगळे गरब्याला. उत्तरायण (संक्रांत) नि वासी उत्तरायण (दुसरा दिवस) मिळून दोन दिवस मशीन बंद. होळीला आणि छठपूजेला बाहेरची मुलं गावी जातात ती दहा दिवस येत नाहीत. हे वर्षाच्या सुरुवातीलाच त्यांच्या शीटमध्ये लिहा. मी कित्येकदा ऑक्टोबरमध्ये पुरवठादारांवर ओरडलोय आणि कारण नंतर कळलंय. आजही वाईट वाटतं.

खोकी_मकरपुरा
सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री बाबांना सगळं वाचून दाखवलं. ताईंचा तीन पट्ट्यांचा भाग त्यांनी दोनदा वाचायला लावला आणि म्हणाले, असं लिहून देत असतील तर गोडाऊन दाखव, वही नको.

गुरुवारी मॅडम कारखान्यात येणार आहेत. सुरुवातीला दोनच प्रकारची खोकी घ्यायची असं फोनवर ठरलंय. सेकंडरीचे आकडे स्टॉकिस्टवार नाही, पण गुजरात-महाराष्ट्राचे एकत्र द्यायला तयार आहेत. कागदाच्या जबाबदारीवर मात्र त्या म्हणाल्या, ‘खरेदीखात्याला विचारावं लागेल.’ ते होईपर्यंत चौथ्या आठवड्यापुढचं एकही रीळ मागवायचं नाही, हे मी आणि भावाने ठरवलंय. एखाद्या महिन्यात माल उशिरा गेला तरी चालेल.

वापीच्या दादा, आमच्या सगळ्या खोक्यांच्या डेकलची यादी बुधवारी रात्री पाठवतो. १०५ आणि १२० सेंटिमीटरमध्ये किती बसवता येतील तेवढं बघून ठेवा, म्हणजे गुरुवारी ते मापांचं बोलणंही समोरासमोर होईल.