मदत हवी आहे: आबांना लकवा, बारीक वाहिनीतली गुठळी तार घालून काढायला हवी होती का?

नमस्कार. गेल्या महिन्यात आबांना, म्हणजे माझ्या वडिलांना, लकव्याचा झटका आला. वय ७१, बीपी आहे, शुगर नाही. उजव्या हातातला कप सुटला आणि बोलणं अडखळलं. आईनं ओळखलं म्हणून कोल्हापुरातच लगेच हॉस्पिटल गाठता आलं. सीटी स्कॅनमध्ये रक्तस्राव नव्हता, साडेचार तास उलटले नव्हते, त्यामुळे गुठळी विरघळवणारं टेनेक्टेप्लेजचं इंजेक्शन मिळालं. अँजिओग्राफीत गुठळी मेंदूच्या डाव्या मधल्या धमनीच्या पुढच्या फांदीत दिसली, रिपोर्टमध्ये 'एम ३' लिहिलंय, म्हणजे त्या धमनीचा तिसरा टप्पा ('एम १' हे मुख्य खोड, 'एम २' त्याच्या पुढचा टप्पा, आकडा वाढेल तशी वाहिनी बारीक). न्यूरॉलॉजिस्ट म्हणाले, "इतक्या आतल्या वाहिनीत तार घालायचा सल्ला मी देणार नाही."

आता चुलतभाऊ भेटेल तिथं ऐकवतो, "हितंच कशाला ठेवलंस? पुण्याला हलवलं असतंस तर गुठळी काढली असती की!" त्याच्या सासऱ्यांची काढली होती आणि ते चालत घरी आले. पण त्यांची गुठळी मुख्य धमनीत होती. हा फरक मला महत्त्वाचा वाटतो, घरात कुणाला पटत नाही.

मी वाचलं ते असं. २०१३ मध्ये आलेल्या मोठ्या चाचण्यांत तार घालून गुठळी काढण्याचा फायदा दिसला नव्हता. मग जाळीची नवी उपकरणं आली, आधी अँजिओग्राफी करून रुग्ण निवडायला लागले, आणि २०१५ मध्ये चित्र पालटलं. नेदरलँड्समधल्या 'एमआर क्लीन' चाचणीत ५०० रुग्ण होते. तीन महिन्यांनी स्वतःचं स्वतः करू शकणारे गुठळी काढलेल्यांत शंभरातले ३३, बाकीच्यांत १९. हे सगळं मोठ्या वाहिन्यांचं. तोच उपाय मध्यम आणि बारीक वाहिन्यांत चालेल या आशेवर 'डिस्टल' आणि 'एस्केप-मेव्हो' या चाचण्या झाल्या. दोन्हींचे निकाल २०२५ मध्ये आले, मिळून हजारावर रुग्ण. नेहमीच्या औषधोपचारापेक्षा अपंगत्व कमी झालं नाही. उलट त्रास देणारा मेंदूतला रक्तस्राव गुठळी काढलेल्या गटात शंभरात पाच-सहा जणांना झाला, दुसऱ्या गटात दोन-तीन जणांना. म्हणजे डॉक्टरांनी आबांना एका धोक्यातून वाचवलं, असं मला मनापासून वाटतं.

तरी एक शंका जात नाही. चाचणीचा निकाल सगळ्यांचा मिळून असतो. आबांची फांदी बारीक असली तरी बोलण्याच्या भागाला रक्त देणारी होती. अशा निवडक रुग्णांना फायदा होतो का, हे कुठं वेगळं तपासलं जातंय का? इथं न्यूरॉलॉजी किंवा इंटरव्हेन्शनमधलं कुणी असेल तर कृपया सांगा. 'एम २' आणि 'एम ३' मध्ये निर्णय कसा बदलतो, तेही सोप्या शब्दांत सांगितलंत तर भावाला वाचायला देईन.

दुसरी विनंती जास्त तातडीची आहे. हात बराच सुधारलाय, पण बोलणं नाही. आबांना समजतं सगळं, शब्द सापडत नाही, मग चिडतात आणि जेवण सोडतात. कोल्हापूर, सांगली, मिरज भागात मराठीतून स्पीच थेरपी देणारं कुणी माहीत आहे का? घरी येणारं असेल तर उत्तम, आईला रोज रिक्षानं नेणं झेपत नाही. घरच्या घरी काय सराव घेतलात, तेही लिहा. गावाकडून कबुतराच्या रक्ताचे आणि झाडपाल्याचे सल्ले येतायत, ते मात्र नकोत. आबांच्या रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या चालू आहेत.