प्रौढांसाठी गांजा कायदेशीर करावा का? दारू, गर्द आणि एमडीच्या तुलनेत

मुद्देसूद

नमस्कार मंडळी,

या विषयावर बोलणं निघालं की दोनच सूर ऐकू येतात. "शंकराचा प्रसाद, त्यात काय वाईट" किंवा "आज गांजा, उद्या गर्द". दोन्हींतून हाती काही लागत नाही, म्हणून प्रश्न नेमका विचारतो.

१९८५च्या एनडीपीएस (अमली पदार्थविरोधी) कायद्याने गांजा, चरस, अफू, हेरॉइन, कोकेन सगळं एकाच कायद्यात आणलं. त्याआधी गांजा राज्यांच्या अबकारी परवान्यावर विकला जायचा आणि सरकार त्यावर कर घ्यायचं. १८९३-९४च्या हेम्प ड्रग्ज कमिशनने हजाराहून जास्त साक्षी नोंदवून सरसकट बंदी नको, कर आणि परवाना ठेवा, असंच सुचवलं होतं. १९६१च्या संयुक्त राष्ट्रांच्या करारात पारंपरिक वापर बंद करायला २५ वर्षांची मुदत होती, ती संपत आली तेव्हा आपला कायदा आला. पुढे २ डिसेंबर २०२० रोजी संयुक्त राष्ट्रांच्या आयोगाने २७ विरुद्ध २५ मतांनी गांजा-चरस त्याच कराराच्या सर्वांत कडक यादीतून काढले. भारताने बाजूने मत दिलं.

केंद्र सरकारसाठी एम्सने केलेल्या आणि २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार १० ते ७५ वयोगटातले १४.६% लोक दारू पितात. भांग, गांजा, चरस मिळून २.८%, त्यातही निम्म्याहून जास्त भांगवाले.

तर विचारायचं हे: आजचा कायदा गांजा आणि गर्द यांत खरंच फरक करतो का? वैद्यकीयदृष्ट्या दारू, गर्द, एमडी, गांजा यांचा क्रम काय लागतो? आणि जिथे विक्री खुली झाली तिथे काय बिघडलं? जाणकारांनी लिहावं.

कलमदान

फरक करतो, पण फक्त वजनाच्या काट्यावर. अल्प मात्रा आणि व्यावसायिक मात्रा अशा दोन रेषा आहेत. गांजासाठी १ किलो आणि २० किलो, चरससाठी १०० ग्रॅम आणि १ किलो, हेरॉइनसाठी (गर्द हे त्याचंच रूप) ५ ग्रॅम आणि २५० ग्रॅम, कोकेनसाठी २ आणि १०० ग्रॅम, एमडी म्हणजे मेफेड्रोन या उत्तेजक रसायनासाठी २ आणि ५० ग्रॅम. अल्प मात्रेला १ वर्षापर्यंत कैद किंवा १० हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. मधल्या मात्रेला १० वर्षांपर्यंत. व्यावसायिक मात्रेला किमान १० आणि कमाल २० वर्षं, वर १ ते २ लाख दंड. शिवाय कलम ३७ लागतं, म्हणजे आरोपी दोषी नाही असं मानायला सबळ कारण आहे, याबद्दल न्यायाधीशांचं समाधान झाल्याशिवाय जामीन नाही. नुसत्या सेवनासाठी कलम २७ आहे: कोकेन, मॉर्फिन, हेरॉइनला १ वर्षापर्यंत, गांजाला ६ महिन्यांपर्यंत.

कागदावर हे बरं दिसतं. अडचण पुढे आहे. मुंबई उच्च न्यायालयाने २०२०मध्ये या कायद्याखालचे सगळेच गुन्हे अजामीनपात्र धरले. म्हणजे खिशात ५ ग्रॅमची पुडी सापडलेल्या पोराला अटक, कोर्टात हजेरी, वकील, जामीनदार, आणि पुढे पासपोर्टच्या पडताळणीत गुन्ह्याची नोंद. शिक्षा नंतर हजारभर रुपये दंड झाली तरी नुकसान आधीच होऊन गेलेलं असतं.

दुसरी गोष्ट लागवडीची. कलम २० मध्ये लागवडीला मात्राच नाही. उसाच्या फडात किंवा तुरीत दोन झाडं सापडली काय आणि दोनशे सापडली काय, १० वर्षांपर्यंतची शिक्षा एकच. त्यात वजनाचा घोळ. कायद्यात गांजा म्हणजे फुलोरा किंवा फळं धरलेले शेंडे. शेंड्यांशिवायची पानं आणि बिया त्यात येत नाहीत. प्रत्यक्ष पंचनाम्यात मात्र हिरवी झाडं मुळासकट, मातीसकट काट्यावर चढतात. ओला माल वाळला की पाव भागाच्या आसपास उरतो आणि त्यातलाही देठ-पाला गांजा नव्हेच. असं केलं की २० किलोची रेष सहज ओलांडली जाते. शेंडे वेगळे काढून वजन केलं नाही म्हणून उच्च न्यायालयांनी जामीन दिलेले बरेच आदेश आहेत, पण तिथवर पोचायला शेतकऱ्याचे महिनोन्‌महिने तुरुंगात जातात.

भांगेबद्दल एक गैरसमज दूर करतो. ती एनडीपीएसमध्ये नाही, हे खरं. त्यामुळेच राजस्थान, उत्तर प्रदेशात सरकारमान्य दुकानं आहेत. महाराष्ट्रात मात्र १९४९चा दारूबंदी कायदा भांगेलाही लागू आहे. परवान्याशिवाय बाळगली वा विकली तर गुन्हा.

आणि हे कुणाच्या घरी उपयोगी पडेल: कलम ६४अ. व्यसनी माणूस स्वतःहून सरकारमान्य केंद्रात उपचाराला गेला, तर सेवनाच्या किंवा अल्प मात्रेच्या गुन्ह्यासाठी त्याच्यावर खटला चालत नाही. उपचार पूर्ण करावे लागतात, अर्धवट सोडले तर हे संरक्षण काढून घेता येतं. पोलिसांच्या भीतीने पोरांना घरात कोंडून ठेवणाऱ्या पालकांना हे कलम कुणी सांगत नाही.

निवडुंग

वैद्यकीय बाजू मी घेते.

क्रम लावायचा तर "वाईट" म्हणजे काय ते आधी ठरवावं लागतं. जीव जातो का, सवय लागते का, डोकं बिघडतं का, हे तीन वेगळे प्रश्न आहेत.

जीव: गर्द श्वास थांबवतं, कारण मेंदूच्या ज्या भागातून श्वास चालतो तिथे अफूजन्य पदार्थ ज्यांना चिकटतात ते ग्राही (रिसेप्टर) भरपूर आहेत. गांजाचे तिथे अगदी कमी, म्हणून गांजा जास्त झाला तर माणूस घाबराघुबरा होतो, ओकतो, पण श्वास बंद पडत नाही. एमडीने हृदयाचे ठोके आणि अंगाचं तापमान चढतं. दारूचं तर सोडतानाही जपावं लागतं. रोज भरपूर पिणाऱ्याने एकदम बंद केली की पहिल्या दोन दिवसांत झटके येऊ शकतात, आणि ४८ ते ७२ तासांच्या आसपास भ्रम, थरथर सुरू होऊन जीवावर बेतू शकतं. गांजा सोडल्यावर झोप उडते, भूक मरते, चिडचिड होते. पहिला आठवडा कठीण, दोन-तीन आठवड्यांत ओसरतं. जीव जात नाही.

सवय: अमेरिकेतल्या १९९४च्या गाजलेल्या अभ्यासात, एकदा तरी वापरलेल्यांपैकी पुढे व्यसनात अडकलेले असे होते: तंबाखू ३२%, हेरॉइन २३%, कोकेन १७%, दारू १५%, गांजा ९%. शाळकरी वयात सुरुवात केली तर गांजाचाही आकडा साधारण सहात एक असा होतो. ब्रिटनमध्ये डेव्हिड नट आणि सहकाऱ्यांनी २०१०मध्ये स्वतःचं आणि इतरांचं मिळून नुकसान मोजलं, त्यात १०० पैकी दारू ७२, हेरॉइन ५५, तंबाखू २६, गांजा २०. दारूचा आकडा मोठा येण्यामागे ती पिणारे जास्त आहेत हेही कारण आहे, म्हणून "दारूपेक्षा गांजा साडेतीनपट सुरक्षित" असा अर्थ कृपया काढू नका.

डोकं: इथे गांजाची बाजू लंगडी आहे. युरोप आणि ब्राझीलमधल्या २०१९च्या अभ्यासात १०% किंवा त्याहून जास्त टीएचसी (गांजातला नशा आणणारा घटक) असलेला माल रोज ओढणाऱ्यांमध्ये सायकोसिसची (भास-भ्रम होणाऱ्या मानसिक आजाराची) शक्यता जवळपास पाचपट दिसली. घरात स्किझोफ्रेनियाचा इतिहास असेल त्याने लांबच राहावं, कायदा काहीही म्हणो.

आता टक्केवारीचं गणित बघा. एका सिगरेटीत ०.३ ग्रॅम माल धरा. ५% टीएचसीचा साधा गांजा असेल तर त्यात १५ मिलिग्रॅम टीएचसी. बँकॉकहून येणारा हायड्रोपोनिक (मातीविना, पाण्यात वाढवलेला) २२%चा असेल तर ६६ मिलिग्रॅम. कायद्याच्या काट्यावर दोन्ही ०.३ ग्रॅमच. म्हणून "गांजा कायदेशीर करा" या वाक्याला किती टक्क्यांचा ते जोडल्याशिवाय अर्थ नाही.

आपल्याकडची आणखी एक गोष्ट म्हणजे चिलमीत आणि सिगरेटीत तंबाखू मिसळतात. व्यसनमुक्ती केंद्रात "गांजा सुटत नाही" म्हणून येणाऱ्यांची निम्मी ओढ निकोटिनची असते. दोन्हींचे उपचार एकत्र केले नाहीत तर माणूस महिन्याभरात परत ओढायला लागतो. आणि वर्षानुवर्षं रोज ओढणाऱ्याला वारंवार उलट्या होत असतील, गरम पाण्याखाली उभं राहिल्यावरच बरं वाटत असेल, तर पित्ताच्या गोळ्या देत बसू नका. तो गांजाचाच विकार आहे, बंद केल्यावरच थांबतो.

पाणंद

वरचं सगळं मान्य. पण विकणार कोण?

महाराष्ट्रात २०१२पासून गुटखाबंदी आहे, पुडी कुठल्याही टपरीवर मिळते. शाळेपासून १०० यार्डांत तंबाखू विकायची नाही, हे पाटीवर लिहिलेलं असतं आणि पाटीखालीच विक्री चालते. बिअर-वाइनला २१ आणि कडक दारूला २५ वर्षं वय लागतं, किती दुकानांत ओळखपत्र मागतात? गांजाचे परवाने निघाले की लिलाव होतील, आणि परवान्यासाठी कोटी मोजलेला माणूस खप वाढवल्याशिवाय राहणार नाही. पोरांना तुरुंगात टाकू नका, हे मला शंभर टक्के पटतं. दुकानं उघडा, हे नाही.

ओटावाकर

पाणंद, तुमची शंका रास्त आहे. इथली उत्तरं सांगतो, जी चुकली तीही.

कॅनडात १७ ऑक्टोबर २०१८पासून कायदेशीर आहे. प्रौढाने बाहेर ३० ग्रॅमपर्यंत सुका माल बाळगायला हरकत नाही. वय बहुतेक प्रांतांत १९, अल्बर्टात १८, क्वेबेकमध्ये २१. पाकीट साधं, मुलांना उघडता येणार नाही असं, इशारा मोठ्या अक्षरांत. त्यावर "टीएचसी" आणि "एकूण टीएचसी" असे दोन आकडे असतात. पहिला कच्च्या मालातला, दुसरा पेटवल्यानंतरचा. नवखे लोक पहिला छोटा आकडा वाचून फसतात.

सगळ्यात जास्त गोंधळ खाद्यपदार्थांनी घातला. ओढलेला गांजा काही मिनिटांत चढतो. खाल्लेला चढायला अर्धा ते दोन तास लागतात, कारण तो यकृतातून जातो आणि तिथे त्याचं आणखी जोरकस रूप तयार होतं. माणूस तासाभराने "काहीच होत नाहीये" म्हणून आणखी एक खातो आणि तिसऱ्या तासाला दोन्ही एकदम अंगावर येतात. सहा-आठ तास सुटका नाही. म्हणून इथे एका पाकिटात १० मिलिग्रॅमच टीएचसीची मर्यादा आहे. कोलोरॅडोत एका तुकड्यात १०, पण पाकिटात १०० चालतं. तरीही गोळ्या-चॉकलेट सुरू झाल्यावर इथे लहान मुलं चुकून खाऊन रुग्णालयात दाखल होण्याचं प्रमाण वाढलं. क्वेबेकने मुलांना भुरळ पडेल असे गोड प्रकार आधीपासूनच बंद ठेवले आणि दुकानंही सरकारी महामंडळाचीच ठेवली. मला तोच नमुना सर्वांत शहाणा वाटतो. तुमची लिलावाची अडचण तिथे मुळातच उद्भवत नाही.

उलट टोक थायलंड. जून २०२२मध्ये गांजा अमली यादीतून काढला, पण विक्रीचा नीट कायदा तयार नव्हता. गल्लोगल्ली दुकानं झाली, आणि जून २०२५मध्ये सरकारने डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विक्रीला बंदी घातली. आधी उघडलं, नियम नंतर, असं केलं की हेच होतं.

जर्मनीने १ एप्रिल २०२४पासून गांजा कायदेशीर केला, पण दुकानं टाळली. बाहेर २५ ग्रॅम, घरी ५० ग्रॅम, तीन झाडं, आणि जास्तीत जास्त ५०० सभासदांची ना-नफा मंडळं. १८ ते २१ वयाच्या सभासदाला महिन्याला ३० ग्रॅम, तोही १०% टीएचसीच्या आतला. जाहिरात नाही.

मुद्देसूद

खूप उपयोगी माहिती. मग महाराष्ट्राने स्वतःपुरतं काही करायचं ठरवलं तर हातात काय आहे?

कलमदान

फार थोडं. कलम १० खाली राज्य परवाने देऊ शकतं, पण कलम ८मुळे ते वैद्यकीय आणि शास्त्रीय कामापुरते. कलम १४ खाली धागा आणि बियांसाठी लागवड चालते. उत्तराखंडने ०.३% टीएचसीची मर्यादा घालून तसे परवाने २०१८मध्ये सुरू केले. तिथे शेतकऱ्यांची खरी डोकेदुखी म्हणजे पीक फुलोऱ्यात आलं आणि टीएचसी मर्यादेवर गेलं तर अख्खं शेत नष्ट करावं लागतं. कमी टीएचसीचं खात्रीचं बियाणं हाताशी नसेल तर या भानगडीत पडू नये.

बाकीचं संसदेच्या हातात. माझ्या मते पहिली दुरुस्ती अशी हवी: गांजाच्या बाबतीत कलम २७ आणि अल्प मात्रा यांना अटक नको, पावती फाडून दंड. १ किलो फार होतो, ५० ग्रॅमपर्यंत ठेवा. लागवडीला झाडांच्या संख्येप्रमाणे पायऱ्या लावा. वय २१. गर्द आणि एमडी विकणाऱ्यांची शिक्षा आहे तशीच राहू द्या, पण वापरणाऱ्याला तिथेही आधी दवाखाना. विक्रीचा विचार त्यानंतर, आणि पाणंद म्हणतात तसा खासगी लिलाव कधीच नको.

ओटावाकरांसारख्या परदेशस्थांनी घरी येताना एवढं लक्षात ठेवा. तिथे कायदेशीर घेतलेलं गोळ्यांचं पाकीट विमानतळावर सापडलं तर ती आयात ठरते, कलम २३. सर्वोच्च न्यायालयाच्या २०२०च्या निकालाप्रमाणे मिश्रणाचं एकूण वजन धरतात. म्हणजे १० मिलिग्रॅम टीएचसीची ५ ग्रॅमची गोळी ५ ग्रॅमच मोजली जाणार. शिवाय टीएचसी स्वतंत्रपणे सायकोट्रॉपिक (मनावर परिणाम करणाऱ्या द्रव्यांच्या) यादीत आहे, तेव्हा गांजाची १ किलोची सवलत मिळेलच असं धरू नका. व्हेप असेल तर २०१९चा ई-सिगरेटबंदी कायदाही लागतो.

ओटावाकर

त्यात अमेरिकेतल्या मंडळींसाठी भर घालतो. राज्याने परवानगी दिली असली तरी केंद्रीय कायद्याने तिथे गांजा मनोरंजनासाठी अजून बेकायदेशीरच आहे आणि व्हिसा, ग्रीन कार्ड, नागरिकत्व केंद्राकडे असतं. अधिकाऱ्यासमोर "कॅलिफोर्नियात कायदेशीर होतं म्हणून घेतलं" एवढं कबूल केलं तरी अर्ज अडकू शकतो, गुन्हा दाखल नसला तरी. एच-१बीवर असाल तर दुकानात पायही ठेवू नका, आणि फोनमध्ये तसे फोटोही ठेवू नका. सीमेवर फोन तपासतात.