मदत हवी आहे: आत्याला सांभाळणाऱ्या ताईंच्या नावे पैसे कसे ठेवावेत?

आत्या 82 वर्षांची, गुहागरला असते. तिच्याकडे राहून तिचं सगळं करणाऱ्या ताई पन्नाशीच्या, विधवा, मूलबाळ नाही. आत्या त्यांच्याशी दिवसभर भांडते, सारात मीठ जास्त झालं, तुळशीला पाणी उशिरा घातलं. पण त्या गणपतीत भावाकडे गेल्या की ही धड जेवत नाही. आता तिने हट्ट धरलाय, "माझ्यामागे हिचं काय? चार लाख हिच्या नावावर कर." ताई मात्र "पगार पुरे" म्हणून उठून जातात.

घर सामाईक आहे, सातबाऱ्यावर चुलतभावांची नावं आहेत, त्यामुळे खोली देण्याचं सुचवू नका. पैसे आत्याचे स्वतःचे, पेन्शनीतले. आम्हा भाच्यांची हरकत नाही. अटल पेन्शन आणि श्रमयोगी मानधन पाहिलं, दोन्हीकडे वयाची अट चाळिशीची. बँकेत म्हणाले, आत्याच्या नावे एफडी करा, ताईंना नॉमिनी ठेवा. पण नॉमिनी म्हणजे मालक नव्हे, आणि सगळेच वारस आमच्यासारखे नसतात.

पोस्टाची मासिक उत्पन्न योजना बरी वाटते. 5 वर्षांची मुदत, एकट्याच्या नावे 9 लाखांपर्यंत ठेवता येतात. अडचण एकच, ताईंचं एटीएम कार्ड भावाकडे असतं.

तर आत्ताच बक्षीस म्हणून ताईंच्या नावे पोस्टात ठेवावेत, की दोन साक्षीदारांसमोर मृत्युपत्र करावं? आणि पोस्टाचं व्याज सुरू झालं तर त्यांच्या लाडकी बहीणच्या पैशांना काही अडचण येईल का?