मदत हवी आहे: कासच्या चिमुकल्या रानफुलांचे फोटो, तेही वाट न सोडता

नमस्कार मंडळी,

सप्टेंबरात कासला जायचं ठरतंय, त्याआधी जाणकारांकडून थोडं समजून घ्यायचं आहे. फुलांच्या फोटोंचा नाद नवीनच लागलाय. कॅमेरा कॅनन १५००डी, सोबत १८-५५ आणि ५५-२५० एमएम अशा दोन झूम लेन्स. घरच्या कुंडीतली जास्वंद सकाळच्या सावलीत छान येते. घोडं अडतं ते रानफुलांपाशी.

मुख्य अडचण ‘सीतेची आसवं’ या रानफुलाची. फूल जेमतेम सेंटिमीटरभर, देठ दोऱ्यासारखा, आणि पठारावर वारा काही थांबत नाही. १८-५५चा फोकस २५ सेंटिमीटरपर्यंत जवळ येतो, पण तेवढं जवळ जायचं तर वाट सोडून फुलांत बसावं लागेल. ते मला करायचंच नाही. त्या जांभ्या कातळावर मातीचा थर ठिकठिकाणी अगदी पातळ आहे. एका फुलासाठी गुडघा टेकला की शेजारचे गेंद आणि तेरडा गेलेच म्हणून समजा. फोटोपायी पठार तुडवणारी माणसं पाहिली की जीव तुटतो. म्हणून वाटेच्या कडेला बसून जे मिळेल तेच हवंय. ५५-२५० लावली तर मीटरभर लांब राहावं लागतं आणि फूल फ्रेममध्ये अगदीच लहान दिसतं.

दुसरं म्हणजे सोनकी. उन्हात तिच्या पाकळ्यांचा नुसता पिवळा गोळा होतो, पाकळीवरच्या रेघा दिसतच नाहीत. बाकी फोटो मात्र नीट उजळलेला असतो. असं का होतं?

मॅक्रो (अगदी जवळून मोठं टिपणारी) लेन्स आत्ता बजेटबाहेर आहे. एक्स्टेन्शन ट्यूब (कॅमेरा आणि लेन्सच्या मध्ये बसणारी पोकळ नळी) घेऊ का? की आणखी काही स्वस्तातला उपाय आहे?

आगाऊ धन्यवाद.

प्रतिसाद १

वाट न सोडण्याचा निर्णय एकदम आवडला. तुमच्या अटीत ट्यूब फारशी कामाची नाही. ५० एमएमच्या लेन्सला २५ एमएमची ट्यूब लावली की प्रतिमा बरीच मोठी होते, पण फुलाला जवळजवळ चिकटावं लागतं. तीच ट्यूब २५० एमएमला लावली तर फरक अगदी थोडा पडतो.

त्याऐवजी ५५-२५०च्या पुढे +२ डायॉप्टरची (डायॉप्टर म्हणजे भिंगाची ताकद) क्लोज-अप लेन्स लावा. फिल्टरसारखी आट्यांवर बसते, तुमच्या लेन्सला ५८ एमएमची लागेल. एकाच भिंगाची स्वस्तातली घेऊ नका, कडांना रंग फुटतात. दोन भिंगं जोडलेली अक्रोमॅटिक मिळते, ती घ्या. फोकस अनंतावर ठेवून २५० एमएमला फूल सेन्सरवर खऱ्याच्या निम्म्या आकाराचं उमटतं, आणि तेही अर्ध्या मीटरवरून. म्हणजे साडेचार सेंटिमीटर रुंदीचा भाग पूर्ण फ्रेम भरतो. वाटेच्या कडेला उगवलेल्या आसवांसाठी एवढं पुष्कळ झालं.

मात्र इतक्या जवळून एफ/११ (लेन्सचं छिद्र बारीक) ठेवलं तरी जेमतेम दोन-अडीच मिलिमीटर भाग स्पष्ट येतो. म्हणून फुलाच्या तोंडासमोर कॅमेरा सरळ धरा, तिरका नको. लाइव्ह व्ह्यूमध्ये, म्हणजे स्क्रीनवरच्या चालू दृश्यात, दहापट मोठं करून हाताने फोकस करा. फुलाच्या मध्यावरचा पांढरट डाग धारदार दिसला की झालं. वाऱ्यासाठी शटर १/५०० किंवा त्याहून जलद. आयएसओ (सेन्सरची उजेडाची संवेदनशीलता) १६००पर्यंत गेला तर जाऊ द्या, थोडे दाणे चालतात, हललेलं फूल चालत नाही.

प्रतिसाद २

सोनकीबद्दल: कॅमेरा लाल, हिरवा, निळा असे तीन रंग वेगवेगळे नोंदवतो, त्यांना चॅनेल म्हणतात. पिवळ्यात लाल आणि हिरवा हे दोन्ही चॅनेल भरलेले असतात. एकूण उजेड बरोबर दिसत असला तरी पाकळीवर लाल चॅनेल आधीच टोकाला पोचतो आणि बारकावे जातात. फोटो काढल्यावर आरजीबी हिस्टोग्राम (तिन्ही रंगांच्या उजेडाचा आलेख) बघा. लालची रेघ उजव्या भिंतीला टेकली असेल, तर एक्स्पोजर (उजेडाचं प्रमाण) −२/३ किंवा −१ करून पुन्हा काढा. रॉ (कॅमेऱ्याची कच्ची फाइल) मध्ये काढलंत तर नंतर सावरायला वाव राहतो. धुकं उतरलं की कॅमेरा पिशवीत टाकू नका, तोच सगळ्यात मऊ उजेड. फक्त लेन्स पुसायला कोरडं कापड जवळ ठेवा.

धागाकर्ता

दोघांचेही मनापासून आभार! क्लोज-अप लेन्स शोधायला घेतो. एक विचारायचं राहिलं: १५००डीचा स्क्रीन वळत नाही, मग इतक्या खालून फ्रेम कशी बघायची? फोनवर वायफायने लाइव्ह व्ह्यू घेतला तर फोकस नीट कळतो का?

प्रतिसाद १

कळतो. कॅमेरा तांदळाच्या छोट्या पुरचुंडीवर वाटेवरच टेकवा आणि फोन हातात धरून शटर दाबा. बॅटरी मात्र भराभर उतरते, जादाची एक बरोबर असू द्या.